तीन घोड्यांचा व्यवसाय: साताऱ्याच्या पट्ट्यात सुरुवात कशी करावी

प्रश्न असा आहे: कोरेगाव तालुक्यात दोन एकर बागायत जमीन, विहिरीला बारमाही पाणी, हाताशी सात लाख रुपये. चार मारवाडी घोडे घेऊन लग्नाच्या वराती, सुट्टीच्या हंगामात पाचगणीला फेऱ्या आणि रविवारी मुलांना घोडेस्वारी शिकवणे असा बेत आहे. कोणते घोडे घ्यावेत, कुठून घ्यावेत आणि वर्षाकाठी काय सुटेल?

चार घेऊ नका. पहिल्या वर्षी दोन घ्या, तिसरा दुसऱ्या वर्षी. सात लाखांतले निम्म्याहून जास्त पैसे घोड्यांच्या किमतीत गेले की व्यवसाय पहिल्याच पावसाळ्यात अडतो. घोड्याची किंमत एकदाच द्यायची असते, खाणे मात्र रोजचे. म्हणून कोणता घोडा हे ठरवण्याआधी एका घोड्याचा वर्षाचा खर्च कागदावर मांडा.

तीन घोडे आणि एक मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा माणूस) धरून नमुना हिशेब देतो. दर तुमच्या गावचे घाला, पण एकही ओळ गाळू नका. सुमारे ३०० किलोच्या घोड्याला रोज सहा किलो सुकी वैरण (किलोला १२ रुपये धरले तर ७२), दोन किलो चंदी म्हणजे धान्याचा खुराक (३५ रुपयांनी ७०), चार किलो लसूणघास (२४), मीठ-चुनखडी-खनिज मिश्रण (१२). दिवसाला १७८, महिन्याला ५,३४०. खूर तासणे आणि नाल दर सहा आठवड्यांनी, १,२०० रुपये धरले तर महिन्याला ८७०. लस, जंतनाशक, डॉक्टर ७००. मोतद्दाराचा पगार १५,००० असेल तर घोड्यामागे ५,०००. अंथरूण, वीज, खोगिराची डागडुजी ९००. विमा आणि घसारा १,०००. बेरीज १३,८१० रुपये महिना, म्हणजे घोड्यामागे वर्षाला साधारण १ लाख ६५ हजार. दोनच घोडे असतील तर मोतद्दाराचा वाटा साडेसात हजारांवर जातो. तो पगार वाचवण्यासाठी पहिल्या वर्षी सकाळचे काम स्वतः करून फक्त अर्ध्या दिवसाचा माणूस ठेवणे चांगले.

आता हा आकडा कमाईच्या दिवसांनी भागा. वरातीसाठी ठेवलेल्या घोडीला वर्षात ४० सुपाऱ्या (वरातीची ठरलेली कामे) मिळाल्या तर एका सुपारीमागे ४,१२५ रुपये नुसते खर्चाचेच निघाले. त्यात टेंपोचे भाडे आणि माणसांची हजेरी धरलेली नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. चातुर्मासात घोडी बांधून असते आणि तेवढेच खाते. शिकवणीचे गणित वेगळे पडते: तीन घोडे, रोज प्रत्येकी दोन तास, महिन्याला २२ दिवस, पावसाचे दोन महिने वगळून दहा महिने, असे १,३२० तास होतात. वर्षाचा सुमारे पाच लाखांचा खर्च त्याला भागला तर तासाला ३७७ रुपयांवर बरोबरी होते. म्हणून सातारा, कराड, सांगली-मिरज अशा शहरांपासून अर्ध्या तासावर जागा असेल तर शिकवणी हा पाया ठेवावा आणि वरात ही वरकड कमाई मानावी. उलटे करणारे बहुतेक जण तिसऱ्या वर्षी घोडे विकतात, कारण मोजक्या मुहूर्तांच्या कमाईवर बारा महिन्यांची वैरण निघत नाही.

पाचगणीचे टेबल लँड किंवा महाबळेश्वरचा वेण्णा तलाव इथे जाऊन घोडा उभा करता येईल असे धरून हिशेब करू नका. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणारी कुटुंबे आहेत आणि स्थानिक संस्थेच्या परवानगीशिवाय फेऱ्या मारता येत नाहीत. नगरपालिकेत जाऊन नवीन परवाना मिळतो का, हे आधी लेखी विचारा. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तिथे पक्का तबेला बांधणे सोपे नाही. जांभ्या दगडाचे कठीण पठारही खुरांना आणि सांध्यांना जड जाते.

शर्यतीच्या आशेवर घोडा घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींबाबतचा राज्याचा कायदा वैध ठरवला, तो बैलगाड्यांपुरता आहे.

खरेदीसाठी तुम्हाला सर्वांत जवळचा मोठा बाजार अकलूजचा, दिवाळीच्या सुमारास भरणारा. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला देशभरातून घोडे येतात, आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही मोठी उलाढाल होते. बाजारात भाव ठरतो तो रंग, उंची, चाल आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर. नुकरा (पांढरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरे), देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) असलेला, अशा घोड्यांना जादा पैसे मोजले जातात. वरातीसाठी पांढरी घोडीच मागतात, तेव्हा त्या कामाला रंगाचे पैसे देणे समजण्यासारखे आहे. शिकवणीच्या घोड्याला मात्र रंगासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते. ओठ, नाकपुड्या, डोळ्यांभोवती ऊन लागून ती सोलते, म्हणून त्याला दुपारची सावली सक्तीची.

शिकवणीसाठी आठ ते चौदा वर्षांचा, खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी घ्या. घोडा जितका तरुण आणि देखणा, तितका तो नवशिक्याला पाडण्याचा संभव जास्त. अंडू (खच्ची न केलेला) घोडा तुमच्या पहिल्या तिघांत नकोच. बाजूला घोडी उभी असली की त्याला आवरण्यात सगळा वेळ जातो. लहान मुलांसाठी भिमथडी जातीकडे जरूर पाहा. भीमेच्या खोऱ्यातली ही काटक, बेताच्या उंचीची, कठीण खुरांची जात, राष्ट्रीय पातळीवर आता स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. मारवाडीपेक्षा स्वस्तात मिळते आणि आपल्याकडच्या हवा-पाण्याला सरावलेली असते.

वय दातांवरून पाहा, विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे. समोरच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांना, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला कायमची येते. खालच्या दातांतले खड्डे सहा ते आठ वर्षांत एकेक जोडीने बुजतात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी दहाव्या वर्षी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी तळापर्यंत पोचते. एक-दोन वर्षांची चूक होऊ शकते, पण बाराचा म्हणून सतराचा गळ्यात पडत नाही.

नंतर खूर. चारही पाय एकेक करून उचलून पाहा. तळवा सपाट किंवा खाली फुगलेला, भिंतीवर आडव्या वळ्या टाचेकडे रुंदावत गेलेल्या असतील तर त्या घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या भागाचा दाह) होऊन गेला आहे, सोडून द्या. डांबरी रस्त्यावर मोकळ्या दोरीने दुडक्या चालीत नेऊन परत आणायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर करतो, चांगला पाय टेकताना खाली करतो. मग दोरीवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटे गोल फिरवा आणि श्वास ऐका. यात्रेत वेदनाशामक टोचून लंगडा घोडा चालता दाखवतात. औषधाचा असर दोनेक दिवस राहतो, म्हणून शक्यतो यात्रेत पसंत करून चार-पाच दिवसांनी विकणाऱ्याच्या गावी पुन्हा पाहावा. त्याच्या तबेल्यात अर्धा तास गुपचूप उभे राहा: लाकूड दातात धरून हवा गिळणे, एका जागी झुलणे, चंदी देताना कान पाडून चावायला येणे, या खोडी तिथेच दिसतात.

पैसे देण्याआधी रक्ताचा नमुना. ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस अ‍ॅनिमिया (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या दोन रोगांच्या तपासण्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत होतात. घोड्यांच्या रोगांची देशातली मुख्य संस्था हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. ग्लँडर्स माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला गाठी आणि फुटणारे फोड ही खूण. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे. घोडा बाधित ठरला की त्यावर उपचार करत नाहीत, त्याला वेदनारहित मरण द्यावे लागते आणि आसपासच्या घोड्यांची हालचाल थांबते. एका न तपासलेल्या घोड्यामुळे सगळा तबेला बंद पडू शकतो. तपासलेला घोडाही आणल्यावर २१ दिवस वेगळ्या गोठ्यात, वेगळ्या बादलीवर, वेगळ्या खराऱ्यावर ठेवा. आणताना गाडीत पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे.

तबेल्याला फार पैसे लावू नका. एका घोड्याला १२ फूट बाय १२ फूट, तट्टाला १० बाय १० पुरते. पत्रा दहा फुटांच्या वर, कारण घोडा बुजून उसळतो आणि मे महिन्यात खालचा पत्रा भट्टी होतो. जमीन कुटलेल्या मुरमाची, मागे उतार देऊन. गुळगुळीत फरशी नको, मूत्र पडले की घोडा घसरतो. भिंतीत छातीच्या उंचीपर्यंत एकही खिळा, तारेचे टोक किंवा पत्र्याची कड ठेवू नका. बाहेर निदान पन्नास फूट लांबीचे मोकळे आवार हवे. दिवसभर अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या दोऱ्या) लावून बांधलेला घोडा चिडका होतो आणि त्याच्या पोटाचे त्रासही वाढतात. एक घोडा रोज पंधरा-वीस किलो लीद टाकतो. खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला. उघडी लीद पावसात वाहून पाण्यात गेली तर गावाशी भांडण ठरलेले. कुजलेले खत मात्र बागायतदार आनंदाने नेतात.

आता खाणे. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण सातारा-सांगलीचा ऊसपट्टा घोड्यासाठी वैरणीच्या बाबतीत फसवा आहे. भरपूर हिरवे दिसते, पण त्यातले बरेचसे बैला-म्हशींचे खाद्य आहे. उसाचे वाढे आणि हत्तीगवत यांत ऑक्झलेट जास्त असते. ते वैरणीतल्या कॅल्शियमला बांधून टाकते आणि घोड्याच्या आतड्यातून ते शोषले जात नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू ऑक्झलेट बऱ्याच अंशी आधीच फोडतात, म्हणून म्हशीला जे चालते ते घोड्याला चालत नाही. त्यात भर म्हणून चंदीत गव्हाचा कोंडा घालतात. कोंड्याच्या एका किलोत फॉस्फरस साधारण ११ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम एक-दीड ग्रॅम. शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढते. काही महिन्यांनी घोडा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतो, पाठ आखडून चालतो, चावायला कंटाळतो, आणि शेवटी गालांच्या वरची हाडे दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखी दिसतात. लोक सांधे चोळत बसतात, दोष वैरणीत असतो.

उपाय अवघड नाही. मुख्य वैरण मारवेल, हरळी, पवना अशा गवतांची किंवा चांगल्या वाळवलेल्या कडब्याची ठेवा, त्याला लसूणघासाची जोड द्या. दोन एकरांपैकी अर्धा एकर लसूणघास आणि अर्धा एकर मारवेल लावला तर तीन घोड्यांची हिरव्या चाऱ्याची गरज भागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलच्या सुधारित जाती दिल्या आहेत. हत्तीगवत द्यायचेच असेल तर एकूण वैरणीच्या चौथ्या हिश्श्यावर नेऊ नका. कोंडा देत असाल तर प्रत्येक किलोमागे ३० ग्रॅम खाद्य प्रतीची चुनखडी पूड मिसळा.

प्रमाण असे: दिवसाचे एकूण सुके खाद्य वजनाच्या २ ते २.५ टक्के, त्यात वैरण निदान दीड टक्का. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १५० आली तर वजन ३०३ किलो. मध्यम काम करणाऱ्या अशा घोड्याला दिवसाची चंदी: एक किलो जवाचा भरडा, अर्धा किलो भिजवलेला हरभरा, अर्धा किलो कोंडा, १५ ग्रॅम चुनखडी, ३० ग्रॅम मीठ. उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्याला मीठ दुप्पट. हे तीन वेळांत विभागून द्या. एका वेळी दीड किलोच्या वर चंदी गेली की पिठूळ भाग न पचता मागच्या आतड्यात आंबतो, आणि त्यातून पोटशूळ नाहीतर लॅमिनायटिस होतो. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी. आठवडाभर पूर्ण चंदीवर उभा राहून आठव्या दिवशी वरातीत नाचवलेला घोडा अर्ध्या तासात घामाघूम होतो, मागचे पुठ्ठे दगडासारखे घट्ट होतात, मूत्र चहाच्या रंगाचे येते. त्या क्षणी त्याला एक पाऊलही चालवायचे नाही. अंगावर पांघरूण टाकून पाणी द्या आणि डॉक्टर बोलवा.

आणखी एक धोका तबेल्यात पाटी लावून सगळ्यांना माहीत करून द्यावा. कोंबड्यांच्या खाद्यात आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध असते. कोंबडीला ते रोगप्रतिबंधक, घोड्याला जीवघेणे. किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम पोटात गेले तरी हृदयाचे स्नायू निकामी होतात, आणि त्याला उतारा नाही. शेजारी पोल्ट्री असेल तर त्यांचे पोते, त्यांचा फावडा, त्यांची बादली आपल्या तबेल्यात येता कामा नये. चंदी जिथे भरडून आणता त्या गिरणीत आधी कोंबडीखाद्य दळले होते का, विचारा.

बुरशी आलेला मका किंवा कडबा उन्हात वाळवूनही द्यायचा नाही. मक्यावरच्या बुरशीचे विष थेट मेंदूवर जाते. कोवळी हिरवी ज्वारी टाळा. भुईमुगाचा पाला चांगला, पण झटकून माती काढूनच घाला. मातीचा पोटात थर साचून शूळ उठतो. संशय आला तर मूठभर लीद पाण्याच्या बाटलीत हलवून ठेवा, तळाशी वाळू किती बसते ते दिसेल. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त.

पोटशूळ हेच घोडा गमावण्याचे सर्वांत मोठे कारण, म्हणून घरातल्या प्रत्येकाला खुणा पाठ हव्यात: वैरण सोडणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, वळून कुशीकडे पाहणे, वारंवार बसणे-उठणे, लोळणे, लीद बंद. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून नाडी मोजा. स्वस्थ घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट. नाडी ६० च्या वर गेली किंवा हिरड्या लाल-जांभळ्या दिसल्या तर वाट पाहू नका. चारा काढून घ्या, लोळत असेल तर सावकाश चालवा, डॉक्टरला फोनवर हे आकडे सांगा. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा तोंडात ओतू नका. तो फुफ्फुसात उतरतो आणि शुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. तेल द्यायचे तर डॉक्टर नाकातून पोटापर्यंत नळी घालून देतात. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून फुगलेले पोट मोकळे करायला तीच नळी लागते. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथला रस्ता, दूरध्वनी आणि रात्री मिळणारा टेंपोवाला हे तिन्ही आधीच लिहून ठेवा.

धनुर्वाताची लस दरवर्षी, रेबीजचीही. लिदीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. मोतद्दाराने आणि तुम्हीही ती लस घ्यावी. पावसाळा सरताना घोडमाशा वाढल्या की सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा रोग येतो. ताप येऊन-जाऊन, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही घोडा वाळत जातो. आसपासच्या गुरा-म्हशींत तो लक्षणांशिवाय लपून असतो. रक्ताचा नमुना तापाच्या दिवशीच घ्या, नंतर जंतू सापडत नाहीत. जंतनाशक दर दोन महिन्यांनी डोळे झाकून देण्याची पद्धत सोडा. लीद तपासून, वजन मोजून द्या, नाहीतर औषध लागू पडेनासे होते.

नालबंद हा या व्यवसायातला निम्मा डॉक्टर. घोडा घेण्याआधी नालबंद शोधा. आपल्याकडे चांगले नालबंद मोजके आहेत आणि महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातल्या माणसाला दर सहा आठवड्यांनी बोलावणे ठरवून ठेवावे लागते. वाळूच्या रिंगणातच काम असेल तर घोडा नालाविना उत्तम राहतो. डांबरावर वरात असेल तर निदान पुढच्या पायांना नाल हवेत. नालाच्या मापाने खूर तासणारा नालबंद नको, खुराच्या मापाने नाल वळवणारा हवा. पावसाळ्यात तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग सडून काळा, दुर्गंधीचा होतो. रोज खूर कोरून कोरड्या जागी उभे करणे हाच खरा उपाय, औषध नंतर.

ओझ्याचा नियम कडक पाळा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो, त्यात खोगीर सात किलो. याचा अर्थ ८५ किलोचा नवरदेव या घोडीवर बसू शकत नाही. सुपारी घेतानाच वजन विचारा. जड असेल तर बग्गी सुचवा नाहीतर काम सोडा. खोगीर बसवल्यावर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची पोकळी राहिली पाहिजे, स्वार बसल्यावरही. पाठीला एकदा सोलले की पंधरा-वीस दिवस कमाई बंद, आणि नमदा (खोगिराखालची जाड घडी) जाड करून त्यावरच स्वारी केली तर दोन महिने बंद. ओझे वाहणाऱ्या जनावरांबाबतचे १९६५ चे केंद्राचे नियम दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम, सलग पाच तासांहून जास्त काम, आणि ३७ अंशांच्या वर तापमान असताना दुपारी १२ ते ३ काम करून घ्यायला मनाई करतात. काटेरी लगामावरही बंदी आहे. शिकवणीच्या घोड्याला मी तर दिवसाला तीन तासांच्या वर काम सांगणार नाही. चौथ्या तासाला तो लगामाला दाद देईनासा होतो आणि मुले पडतात ती तेव्हाच.

वरातीच्या करारात चार गोष्टी लिहून घ्या: एकूण वेळ दोन तास, घोडीच्या पन्नास फुटांत फटाके नाहीत, स्पीकरची गाडी तिच्या मागे चिकटून चालणार नाही, नवरदेवाबरोबर एकच लहान मूल. तोंडाशी एक आणि बाजूला एक अशी दोन माणसे कायम. ढोल-ताशाची सवय तीन-चार आठवडे लांबून जवळ आणत लावावी लागते, मारून नाही. मारून नाचायला शिकवलेली घोडी एक दिवस गर्दीत उसळते.

शिकवणीसाठी २० बाय ४० मीटरचे रिंगण, कुटलेल्या मुरमावर दोन-अडीच इंच वाळू. त्याहून जास्त वाळू पायांच्या शिरा ओढते. हेल्मेटशिवाय कुणालाही वर बसवू नका. टाच असलेला बूट सक्तीचा, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि पडलेला स्वार फरफटतो. पहिले आठ-दहा तास दोरीवरच. पालकांची लेखी संमती आणि तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचा विमा, दोन्ही घ्या. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि उद्यम नोंदणीही करून घ्या.

घोड्यांच्या पैदाशीसाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ पासून भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. पण तीन घोड्यांच्या शिकवणीला ते लागू होईल असे धरू नका. पैदाशीत घोडी अकरा महिने गाभण आणि शिंगरू तीन-साडेतीन वर्षांचे होईपर्यंत पाठीवर काम नाही, इतका काळ पैसे अडकवण्याची तुमची आज तयारी नाही.

सात लाखांची मांडणी मग अशी: दोन घोड्यांना मिळून दोन ते अडीच लाख, तबेला-रिंगण-कुंपण दीड लाख, खोगिरे-लगाम-हेल्मेट पाऊण लाख, वर्षभराचा कडबा सुगीतच भरायला पन्नास-साठ हजार, आणि सव्वा लाख हात न लावता बँकेत. ती रक्कम तीन घोड्यांच्या तीन महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. उरेल ते पहिल्या आजारपणाला.

वेळापत्रक बाजाराच्या तारखांवरून उलटे मोजा. लसूणघास ऑक्टोबरमध्ये पेरला की पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी हाती येते. तबेला दिवाळीपर्यंत उभा हवा, कारण अकलूजला घोडा पसंत पडला तर तो ठेवायला जागा लागेल. तिथे नाही जमले तर दत्तजयंतीला सारंगखेडा. आणल्यावर २१ दिवस वेगळे, त्यात खूर, दात आणि जंत एकदा नीट करून घ्यायचे. पुढचे सहा-आठ आठवडे हलके काम, मग मुले वर. म्हणजे शिकवणी मार्चच्या आधी नाही, आणि पहिली वरात अक्षय तृतीयेच्या आधी स्वीकारू नका.